मेलबर्नचा नेव्हिल

रत्नागिरीत मुलांना फुटबॉल शिकवताना मी नेव्हिल डिसूझाचं नाव आवर्जून घेतो. गोव्यातल्या आसगावचा, म्हणजे आपल्याच किनाऱ्याचा हा गडी मुंबईत टाटांच्या संघातून खेळायचा. १ डिसेंबर १९५६. मेलबर्न ऑलिम्पिक. यजमान ऑस्ट्रेलियावर एकट्याने तीन गोल चढवले त्याने. भारत ४-२ जिंकला! ऑलिम्पिकमध्ये फुटबॉलची हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्धही आधी गोल केला तो त्यानेच, मग मात्र आपल्यावर चार बसले. तरी स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत तो होता. १९८० मध्ये पन्नाशीही न गाठता गेला. माझ्या मुलांनी हे नाव कधी ऐकलेलं नसतं, याचं फार वाईट वाटतं.