सुंता, बाप्तिस्मा आणि कुंडलिकेकाठचे तेली

पेणकर, रोहेकर, अष्टमकर, वाकरूळकर, झिराडकर. ही आडनावे ऐकली की रायगड जिल्ह्याचा नकाशाच डोळ्यांपुढे उभा राहतो. पेण आणि रोहे ही तालुक्याची गावे. अष्टमी रोह्यासमोर, कुंडलिकेच्या पलीकडच्या काठावर. वाकरूळ पेण तालुक्यातले, तर झिराड अलिबागजवळचे. पण ही आडनावे लावणारी बरीच घरे आज इस्रायलमध्ये आहेत. ही मंडळी म्हणजे बेने इस्रायल, आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्यांच्या घरी पाळल्या गेलेल्या सुंतेचे आणि ख्रिस्ती लोकांच्या बाप्तिस्म्याचे मूळ एकाच उंबरठ्यावर सापडते. त्याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

बेने इस्रायलांची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे ग्रंथ समुद्रात गेले. वाचलेल्यांनी गावोगाव तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. पुढे डेव्हिड राहाबी नावाचा ज्यू गृहस्थ कोकणात आला. त्याने या लोकांपुढे निरनिराळे मासे ठेवले, तेव्हा बायकांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे निवडून वेगळे काढले. ही कथा अनेकांनी ऐकली असेल. परंपरा राहाबीला हजार वर्षे मागे नेते, तर बरेच अभ्यासक त्याला अठराव्या शतकातल्या कोचीनच्या राहाबी घराण्यातला मानतात.

राहाबीला या लोकांजवळ काय सापडले? हिब्रू भाषा विसरली गेली होती. ग्रंथ नव्हते. 'शमा' ही एकेश्वराची घोषणा मात्र तोंडी टिकली होती. शनिवारचा विसावा होता, खाण्याचे नियम होते आणि मुलाची आठव्या दिवशी सुंता होत होती. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात, सतराव्या अध्यायात, देव अब्राहामाशी करार करतो आणि त्याची खूण म्हणून सुंता सांगतो. या विधीला देऊळ लागत नाही, पोथी लागत नाही. घरात दहा माणसे जमली, जाणता हात असला की झाले. म्हणूनच पोथ्या बुडाल्या तरी ही खूण पेण-रोह्याच्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या टिकली. पुढे झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर ही काजींची घराणी नावारूपाला आली आणि समाजाचे धार्मिक विधी त्यांच्याकडे आले.

आता पाण्याकडे वळू. ज्यू धर्मशास्त्रात शुद्धीसाठी स्नानाचे कुंड सांगितले आहे. त्याला 'मिकवा' म्हणतात. त्यातले पाणी पावसाचे किंवा झऱ्याचे हवे, साठा ठरलेल्या मापापेक्षा कमी नको, आणि डोक्याच्या केसांसकट सारे अंग बुडाले पाहिजे. जेरुसलेमच्या मंदिराच्या परिसरात आणि मसादाच्या किल्ल्यावर अशी दगडी कुंडे उत्खननात सापडली आहेत. आपल्याकडे सोयरसुतक फिटल्यावर स्नान करतात. त्या भावनेच्या जवळ जाणारी ही गोष्ट आहे.

ज्यू धर्मात येऊ इच्छिणाऱ्या परक्या माणसासाठी या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. पुरुषाची आधी सुंता आणि मग कुंडात बुडी. स्त्रीला फक्त बुडी. दोहोंपैकी कोणती गोष्ट अधिक महत्त्वाची, यावर तालमूद या ग्रंथात रब्बी एलिएझर आणि रब्बी यहोशुआ यांचा वाद नोंदलेला आहे. एक म्हणतो, सुंता झाली की पुरे. दुसरा म्हणतो, बुडी घेतली की पुरे. शेवटी शास्त्र्यांनी दोन्ही हव्यात असा निर्णय दिला. हिलेलच्या परंपरेतल्या पंडितांनी तर नुकत्याच सुंता झालेल्या नवागताची तुलना कबरीपासून दूर झालेल्या माणसाशी केली. तालमूदमध्येच अन्यत्र म्हटले आहे, की धर्मात नव्याने आलेला माणूस नुकत्याच जन्मलेल्या बाळासारखा. मरण आणि पुन्हा जन्म हा अर्थ या विधीला ज्यू परंपरेतच चिकटलेला होता.

याच मातीत योहान उभा राहिला. यार्देन नदीत तो लोकांना बाप्तिस्मा देत असे. परक्या माणसासाठी असलेले हे धर्मप्रवेशाचे स्नान योहानाच्या आधी कितपत रुळले होते, यावर विद्वानांत मतभेद आहेत. पण योहानाने केलेले दोन बदल स्पष्ट दिसतात. ज्यू माणूस कुंडात स्वतःच बुडी घेई. योहानाकडे मात्र बुडवणारा दुसरा होता, म्हणून तर त्याला 'बाप्तिस्मा करणारा' हे नाव पडले. आणि नेहमीचे शुद्धिस्नान पुन्हा पुन्हा होई, तर हे पश्चात्तापाचे स्नान होते. त्याने ते परक्यांना नव्हे, जन्माने ज्यू असलेल्यांनाच घ्यायला लावले. खूण अंगावर आहे, तेवढ्याने भागत नाही, असेच जणू तो सांगत होता.

येशूची स्वतःची सुंता आठव्या दिवशी झाली होती, हे लूकच्या शुभवर्तमानात आहे. प्रश्न उभा राहिला तो त्याच्यानंतर. ग्रीक आणि रोमन माणसे नव्या पंथात येऊ लागली, त्यांनी सुंता करावी काय? इसवी सन ४९ च्या सुमारास जेरुसलेममध्ये प्रेषितांची बैठक भरली आणि परक्यांवर सुंतेचे ओझे लादू नये असे ठरले. पाणी राहिले, सुंता गळाली. पण पौलाचे वागणे पाहा. तीताची सुंता त्याने होऊ दिली नाही, कारण तो ग्रीक. तीमथ्याची मात्र त्याने करवली, कारण त्याची आई ज्यू होती. आईवरून माणूस ओळखण्याचा हा धागा लक्षात ठेवावा, पुढे तो आपल्याला रायगडात आणून सोडणार आहे.

सुंता गळाली, तरी तिची सावली बाप्तिस्म्यावर राहिलीच. पौलाच्या परंपरेतल्या कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात बाप्तिस्म्याची सांगड हातांनी न केलेल्या सुंतेशी घातली आहे. इसवी सन २५० नंतरच्या काही वर्षांत उत्तर आफ्रिकेतल्या एका बिशपाने विचारले, की सुंतेप्रमाणे बाळाचा बाप्तिस्माही आठव्या दिवसापर्यंत थांबवावा काय? कार्थेजच्या सिप्रियनने आणि त्याच्या परिषदेने उत्तर दिले, की थांबण्याचे कारण नाही.

हे पाणी नेहमीच स्वेच्छेने घेतले गेले असे नाही. पोर्तुगालमध्ये १४९७ साली ज्यूंना सक्तीने बाप्तिस्मा देण्यात आला. रोह्याहून वाहत येणारी कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, त्या रेवदंड्याला पुढे पोर्तुगीजांचाच किल्ला उभा राहिला आणि १७४० पर्यंत त्यांच्या ताब्यात राहिला. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन सुरू झाले. तिथला प्रसिद्ध वैद्य गार्सिया द ओर्ता सक्तीने ख्रिस्ती झालेल्या ज्यू घराण्यातला होता. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जाळण्यात आले आणि १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळली गेली.

कोकणात एकोणिसाव्या शतकात बाप्तिस्मा आला तो शाळेच्या वाटेने. अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत आणि कोकणात शाळा काढल्या. १८२६ मध्ये मिशनने मराठी नवा करार छापला. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले. त्यांनी मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. बेने इस्रायल मुले या शाळांत शिकली, मोठी माणसे तिथे मास्तर झाली. मराठी बायबल उघडल्यावर त्यांना आपल्या घरातल्या चालीरीतींचा उगम छापील अक्षरांत दिसला. सुंता, शनिवार, खाण्याचे नियम, सारे तिथे होते. बाप्तिस्मा घेणारे मात्र अगदी थोडे निघाले. मिशनऱ्यांनी दिलेले पुस्तक त्यांनी आपलेसे केले आणि पाणी नम्रपणे नाकारले. मला यात रायगडच्या या समाजाचे शहाणपण दिसते.

पण खूण सांभाळणाऱ्यांच्या घरातही एक भिंत होती. बेने इस्रायलांत 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता. ज्यांची आई समाजाबाहेरची, त्यांची संतती 'काळी' गणली जाई. मुलाची सुंता झालेली असली तरी गोऱ्यांचा त्यांच्याशी बेटीव्यवहार नसे. सुंता मुलाच्या अंगावर दिसते, पण वंश आईवरून मोजला जातो. आणि आईच्या अंगावर अशी कोणतीच खूण नसते.

काळाने हाच प्रश्न उलटून साऱ्या समाजाला विचारला. १९४८ नंतर हजारो बेने इस्रायल इस्रायलला गेले. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने नियम काढला, की बेने इस्रायल व्यक्तीचा इतर ज्यूशी विवाह नोंदवण्याआधी तिच्या आई, आजी, पणजीच्या वंशाची चौकशी करावी. शंका आली तर प्रकरण धर्मन्यायालयाकडे जाई, आणि तिथे धर्मप्रवेशाच्या स्नानाचा प्रश्न निघू शके. ज्यांच्या पूर्वजांनी पोथीवाचून ही खूण सांभाळली, त्यांना परक्यासाठी असलेल्या कुंडाची वाट दाखवली जात होती. ही अपमानाची गोष्ट होती. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले आणि मग रब्बींच्या नियमातून त्यांच्या समाजाचे नाव निघाले.

सुंता असो वा बाप्तिस्मा, दोन्हींचा मूळ हेतू माणसाला आत घेण्याचा. योहानाने पाणी जन्माने ज्यू असलेल्यांपुढे ठेवले, प्रेषितांनी परक्यांसाठी सुंतेची अट काढली. दार अरुंद झाले ते दारावर उभे राहणाऱ्यांमुळे, मग ते गोव्यातले इन्क्विझिटर असोत, जेरुसलेमचे अधिकारी असोत की आपल्याच गावातले 'गोरे' असोत.

महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. रायगडातली बेने इस्रायल घरे आता थोडीच उरली आहेत. अलिबागला इस्रायल आळी हे नाव अजून आहे, आणि पेणला त्यांचे प्रार्थनास्थळ आहे. गणपतीच्या मूर्ती आणायला आपण पेणला जातो, कुंडलिकेवरच्या पुलावरून रोह्यात शिरतो. तेव्हा या गावांचे नाव आडनाव म्हणून दूरदेशी नेणाऱ्या शेजाऱ्यांचीही आठवण ठेवायला हवी.