संकेतस्थळाची किल्ली कोणाच्या हाती? डॅशबोर्डचा इतिहास

(१) ‘डॅशबोर्ड’ हा शब्द मुळात संगणकाचा नव्हे, घोडागाडीचा. एकोणिसाव्या शतकात घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून गाडीवानाच्या पुढ्यात एक उभी फळी बसवीत. ती फळी म्हणजे डॅशबोर्ड. मोटार आली, घोडे गेले, पण फळीचे नाव राहिले. पुढे तिच्यावर वेग आणि इंधन दाखवणारी यंत्रे बसली आणि तेथून तो शब्द संगणकाच्या पडद्यावर आला. आज पाहायचा आहे तो संकेतस्थळाच्या डॅशबोर्डचा इतिहास. वाचकाला न दिसणाऱ्या या मागच्या दालनातून सारे संकेतस्थळ चालवले जाते. त्या दालनात प्रवेश कोणाला, आणि तेथील मांडणी कोणाच्या मर्जीने, हे दोन प्रश्न या इतिहासाच्या केंद्रस्थानी आहेत.

(२) आरंभ १९९० पासून करू. सर्न या युरोपीय संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी पहिला वेब ब्राउझर रचला. त्यात पाने वाचता येत आणि लिहिताही येत. वाचक आणि लेखक यांच्यात भिंत नसावी, ही त्यामागची कल्पना होती. पण पुढे लोकप्रिय झालेले ब्राउझर, उदाहरणार्थ १९९३ चा मोझॅक, प्रामुख्याने पाहण्यासाठी होते. वाचणारे असंख्य झाले आणि लिहिण्याची सोय तंत्रज्ञांपुरती उरली.

(३) त्या काळी संकेतस्थळावरील एक ओळ बदलायची तर एचटीएमएलची फाईल आपल्या संगणकावर उघडायची, दुरुस्त करायची आणि एफटीपीने सर्व्हरवर चढवायची. एखाद्या संस्थेचा चिटणीस कितीही उत्तम लिहिणारा असला, तरी त्याला तंत्र जाणणाऱ्याच्या दारी जावे लागे. मजकूर एकाचा आणि किल्ली दुसऱ्याची, अशी ही व्यवस्था होती.

(४) हे अवलंबित्व ब्लॉगच्या साधनांनी मोडले. १९९९ मध्ये ब्लॉगर आले, २००१ मध्ये मूव्हेबल टाइप. त्याच वर्षी मिशेल वाल्द्रिगी या फ्रेंच तरुणाने ‘बी-टू’ नावाची प्रणाली लिहिली. नाव आणि संकेतशब्द द्यायचा, ब्राउझरमध्येच लेखनाची चौकट उघडायची, मजकूर लिहून कळ दाबायची, की लेख प्रसिद्ध! बी-टू जीपीएल परवान्याखाली होते. या परवान्यानुसार तिची संहिता कोणीही वाचावी, बदलावी आणि पुढे वाटावी, अशी मुभा होती.

(५) काही काळाने बी-टूचे काम थंडावले. २४ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेतील १९ वर्षांच्या मॅट मुलेनवेगने आपल्या ब्लॉगवर लिहिले की, परवाना मुक्त असल्यामुळे ही संहिता घेऊन आपण पुढे जाऊ शकतो. इंग्लंडमधील माइक लिटल यांनी त्याला प्रतिसाद दिला. २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती बाहेर पडली. आरंभी तिच्यातील अनेक फायलींची नावे ‘बी-टू’नेच सुरू होत, जणू नव्या घरावर जुन्या मालकाची पाटी. पुढे ती नावे बदलली आणि संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे ‘डब्ल्यूपी-ॲडमिन’ लिहून मागच्या दालनात जाण्याचा, आज जगभर परिचित असलेला मार्ग रूढ झाला.

(६) मे २००४ मध्ये मूव्हेबल टाइपने नवे परवाने जाहीर केले. लेखक किती आणि ब्लॉग किती, यांवर शुल्क ठरणार होते. अनेक वापरकर्ते नाराज होऊन वर्डप्रेसकडे वळले. त्याच महिन्यात वर्डप्रेसची १.२ ही आवृत्ती आली होती आणि तिने प्लगइनची सोय दिली होती. मूळ संहितेला हात न लावता बाहेरून नवी जोडणी करण्याची ही वाट होती. तोवर प्रणालीत बदल करणे म्हणजे तिचा गाभा फोडणे असे, आणि पुढची सुधारित आवृत्ती चढवताच आपले बदल पुसले जात. प्लगइनने हे भय दूर केले.

(७) फेब्रुवारी २००५ मधील १.५ आवृत्तीत थीम आल्या. संकेतस्थळाचे बाह्यरूप मजकुरापासून वेगळे झाले. याच आवृत्तीत प्रवेश करताच ‘डॅशबोर्ड’ नावाचे पान समोर येऊ लागले. त्यावर अलीकडचे लेख, आलेल्या प्रतिक्रिया आणि वर्डप्रेसच्या घडामोडी दिसत. मागचे दालन तोवर केवळ लेखनाची खोली होती. आता त्याला कारभाराची बैठकही लाभली.

(८) कारभार आला की अधिकारांची वाटणी ओघाने येतेच. सुरुवातीला वापरकर्त्यांना ० ते १० असे स्तर दिले जात. ‘स्तर ७’ म्हणजे नेमके काय, हे आकड्यावरून उमगत नसे. २००५ च्या डिसेंबरअखेर आलेल्या २.० आवृत्तीने त्याऐवजी पाच भूमिका ठरवल्या : प्रशासक, संपादक, लेखक, योगदाता आणि सदस्य. लेखकाने आपले लेख प्रसिद्ध करावेत. योगदात्याने लिहावे, पण प्रसिद्धीचा निर्णय इतरांचा. संपादकाने सर्वांचे लेख हाताळावेत. थीम आणि प्लगइन प्रशासकाच्या हाती. छोट्या राज्याची अष्टप्रधान व्यवस्था आठवावी, असा हा प्रकार.

(९) मार्च २००८ मध्ये २.५ आवृत्तीने दालनाची नवी सजावट केली. नामांकित रचनाकारांनी ती केली होती, तरी पुष्कळांना रुचली नाही. मग वापरणाऱ्यांच्या सवयींचा अभ्यास झाला, चाचण्या झाल्या, चिन्हे निवडताना वापरकर्त्यांची मते घेतली गेली. अवघ्या नऊ महिन्यांत, डिसेंबरमध्ये, २.७ आवृत्ती आली. जॅझ संगीतकारांची नावे आवृत्त्यांना देण्याच्या प्रथेनुसार हिचे नाव ‘कोल्ट्रेन’. वरची आडवी यादी आता डावीकडे उभी झाली. आजही ती तेथेच आहे.

(१०) कोल्ट्रेनचे खरे महत्त्व मात्र निराळे. पडद्यावरच्या चौकटी ओढून हव्या तेथे ठेवता येऊ लागल्या. ‘स्क्रीन ऑप्शन्स’ उघडून नको त्या लपवता येऊ लागल्या. ही मांडणी प्रत्येक वापरकर्त्याच्या नावे स्वतंत्र साठवली जाते, म्हणून एकाने चौकट हलवली तरी दुसऱ्याचा पडदा बदलत नाही. ‘सर्वांसाठी उत्तम मांडणी कोणती?’ या वादावर वर्डप्रेसने दिलेले उत्तर असे होते : ज्याची त्याने ठरवावी.

(११) येथे एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. चौकट लपवणे ही सोय आहे, अधिकार काढणे ही व्यवस्था आहे. पडद्यावरून एखादी यादी दिसेनाशी केली, तरी ज्याच्या भूमिकेत तो अधिकार आहे त्याला थेट पत्त्याने तेथे जाता येते. दारापुढे पडदा सोडला म्हणजे कुलूप लागले असे नव्हे. कुलूप भूमिकेत असते.

(१२) कुलपाचे मोल २०१३ च्या एप्रिलमध्ये जगाला कळले. पूर्वी वर्डप्रेस बसवताना पहिल्या प्रशासकाचे नाव आपोआप ‘ॲडमिन’ ठेवले जाई. २०१० च्या ३.० आवृत्तीने नाव निवडण्याची मुभा दिली, तरी जुनी असंख्य संकेतस्थळे त्याच नावाने चालू होती. हल्लेखोरांनी हजारो यंत्रांवरून ‘ॲडमिन’ हे नाव आणि अंदाजाने संकेतशब्द टाकत दारे ठोठावली. नाव ठाऊक असल्याने अर्धी किल्ली त्यांच्या हाती आधीच होती. तेव्हा दिलेला सल्ला आजही लागू आहे : प्रशासकाचे नाव अनुमानापलीकडचे, संकेतशब्द भक्कम आणि शक्य तेथे दुहेरी पडताळणी.

(१३) २०१३ च्या डिसेंबरात ३.८ आवृत्तीने हे दालन भ्रमणध्वनीच्या पडद्यावर नीट मावेल असे केले आणि आठ रंगयोजना दिल्या. २०१४ मध्ये ४.० आवृत्ती बसवताना आरंभीच भाषा निवडता येऊ लागली. वर्डप्रेसचे मराठी भाषांतर स्वयंसेवकांच्या श्रमांतून उभे राहिले आहे. कारभाराचे शब्द आपल्या भाषेत असले, की इंग्रजीच्या भयाने मागे राहणारा माणूसही दार उघडायला धजावतो.

(१४) डिसेंबर २०१८ मध्ये ५.० आवृत्तीने लेखनाची जुनी चौकट बदलून ठोकळ्यांचा संपादक आणला. वाद मोठा झाला. जुना संपादक परत देणारे प्लगइन पुढे पन्नास लाखांहून अधिक संकेतस्थळांवर वापरले गेले. काहींनी त्याच वर्षी वर्डप्रेसची संहिता घेऊन ‘क्लासिकप्रेस’ ही वेगळी शाखा काढली. ज्या परवान्याच्या बळावर बी-टूतून वर्डप्रेस जन्मले, तोच परवाना आता वर्डप्रेसपासून दूर जाणाऱ्यांच्याही कामी आला. मांडणी न पटल्यास घर सोबत घेऊन निघण्याचा हक्क, हे या कहाणीतील सर्वांत खोल स्वातंत्र्य होय.

(१५) इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी याचा विचार का करावा? कारण दुर्ग, शिलालेख, मोडी कागदपत्रे यांविषयीचे पुष्कळ लेखन आज अशाच संकेतस्थळांवर आहे. ती आपली नवी दफ्तरे आहेत. दफ्तराची किल्ली एकाच माणसापाशी राहिली, तो दुरावला किंवा संकेतशब्द विसरला, की वाळवी न लागताही दफ्तर बंद पडते. म्हणून अशा संकेतस्थळावर काम करत असाल तर आज डॅशबोर्ड उघडा आणि वापरकर्त्यांची यादी पाहा. विश्वासाचे दोन प्रशासक आहेत ना? काम सोडून गेलेल्याकडे अधिकार शिल्लक नाहीत ना? आणि सगळ्या मजकुराची प्रत ‘एक्स्पोर्ट’ करून अन्यत्र ठेवली आहे ना? रंग आणि चौकटी त्यानंतर सावकाश बदलता येतील.