बदल केला आणि संगणक सुरूच होईना

१९ जुलै २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ९.३९ वाजता 'क्राउडस्ट्राइक' या सुरक्षा कंपनीने धाडलेल्या एका सदोष कॉन्फिगरेशन फाइलमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. मुंबई विमानतळावर काही विमान कंपन्यांना चेक-इनचे काम हाताने करावे लागले. फोर्ट येथे मुख्यालय असलेल्या रिझर्व्ह बँकेने मात्र १० बँका व वित्तसंस्थांनाच किरकोळ अडथळा आल्याचे स्पष्ट केले. कंपनीने १०.५७ वाजता चूक सुधारली. परंतु सुरूच न होणाऱ्या संगणकापर्यंत ती दुरुस्ती पोहोचणार कशी? अनेक यंत्रांसमोर बसून ती फाइल हातानेच काढावी लागली.

घरच्या संगणकालाही हाच मार्ग लागू पडतो. सुरू होण्याचा प्रयत्न लागोपाठ फसला, की विंडोज १० व ११ दुरुस्तीचा पडदा दाखवते. तेथे 'ट्रबलशूट', 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'स्टार्टअप सेटिंग्ज' या क्रमाने जाऊन 'रीस्टार्ट' करावे व ४ ही कळ दाबावी. 'सेफ मोड'मध्ये मोजकेच ड्रायव्हर लोड होतात. त्यात शिरून शेवटी टाकलेला ड्रायव्हर वा सॉफ्टवेअर काढावे. ते न जमल्यास आणि 'रिस्टोर पॉइंट' उपलब्ध असल्यास 'सिस्टिम रिस्टोर'ने आधीची मांडणी परत आणता येते.

डिस्क 'बिटलॉकर'ने कुलूपबंद असल्यास मात्र ४८ अंकी 'रिकव्हरी की' विचारली जाऊ शकते. ती त्याच संगणकात जपणे म्हणजे किल्ली आत ठेवून दार ओढून घेणे. संगणक धड आहे तोवरच ती कागदावर उतरवून ठेवावी.