चैत्रातले हिमवादळ : अल्पाइन मेडोज, १९८२

आजचा धागा वसंतातल्या एका हिमवादळाविषयी.

मार्च १९८२ चा अखेरचा आठवडा. आपल्याकडे चैत्र नुकताच लागला होता. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतरांगेत, टाहो सरोवराजवळच्या अल्पाइन मेडोज या स्कीइंग केंद्रावर मात्र २७ मार्चपासून पॅसिफिक महासागरावरून आलेले वादळ कोसळू लागले. चार दिवसांत सात फुटांहून अधिक बर्फ पडला.

अशा वेळी केवळ बर्फाची उंची मोजून भागत नाही. वारा कड्याच्या एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या, आडोशाच्या उतारावर नेऊन रचतो. खालचा थर वरच्या थराशी सांधला जाण्याआधीच त्यावर नवा भार येतो. मग एखाद्या क्षणी सबंध थर तुटून फरशीसारखा घसरतो. म्हणूनच स्कीइंग केंद्रांचे गस्ती पथक स्फोटकांच्या साहाय्याने उतारांवरचा बर्फ थोडाथोडा मुद्दाम पाडत राहते. इथेही ते काम चालू होते. पण वादळात शिखर दिसत नाही, आणि झालेल्या स्फोटाने काय साधले तेही दिसत नाही.

३१ मार्च रोजी केंद्र बंद ठेवण्यात आले. हा निर्णय योग्यच होता. एरवी मृतांची संख्या किती झाली असती, याची कल्पनाही करवत नाही. तरीही पायथ्याशी कर्मचारी होते, आणि वाहनतळावरून पायी जाणारी काही माणसेही. दुपारी पावणेचारच्या सुमारास हिमस्खलन झाले. त्याने गस्ती पथकाचे कार्यालय असलेली समिट टर्मिनल ही इमारत उद्ध्वस्त केली आणि ते वाहनतळापर्यंत पोहोचले. सात जण मृत्युमुखी पडले. त्यांत डोंगराच्या व्यवस्थेची जबाबदारी सांभाळणारे बर्नी किंगरी होते, तसेच एक पिता आणि त्यांची लहान मुलगीही.

लिफ्टवर काम करणारी बावीस वर्षांची अॅना कॉनरॅड त्याच इमारतीत होती. कोसळलेल्या लॉकरांखाली उरलेल्या चिंचोळ्या पोकळीत ती पाच दिवस अडकून पडली. तहान भागवायला बर्फ खात होती. बाहेर नव्या हिमस्खलनाच्या भीतीने शोधकार्य मध्येच थांबवावे लागत होते. अखेर ५ एप्रिल रोजी ब्रिजेट नावाच्या प्रशिक्षित कुत्रीच्या साहाय्याने ती जिवंत सापडली. हिमदंशामुळे तिला उजवा पाय गुडघ्याखाली गमवावा लागला. पुढे कृत्रिम पाय लावून ती पुन्हा स्कीइंग करू लागली.

मृतांच्या नातेवाइकांनी न्यायालयात दाद मागितली. धोका आधी ओळखता आला असता, हे त्यांचे म्हणणे. १९८५ मध्ये ज्यूरीने केंद्राचा निष्काळजीपणा नव्हता, असा निर्णय दिला.

इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मी या खटल्यापाशी अडखळते. हे केंद्र १९६१ साली सुरू झाले होते. म्हणजे त्या उतारांचा त्यांच्या गाठीशी असलेला अनुभव जेमतेम वीस हिवाळ्यांचा. शतकातून एखाद्या वेळी घडणारी घटना अशा दप्तरात सापडणार कशी? तरीही ज्या बापलेकी वाहनतळावरून चालल्या होत्या, त्यांच्या घरच्यांना हा युक्तिवाद ऐकवण्याचे धैर्य माझ्यात नाही.