वैद्यकशिक्षण आणि इंग्रजीचा उंबरठा

आपल्या ट्रस्टने गेल्या पन्नास वर्षांत ज्यांना शिष्यवृत्त्या दिल्या, त्यांत वैद्यकीय, औषधनिर्माण व परिचर्या शाखांचे विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत. त्यांतील पुष्कळजण मराठी माध्यमातून आलेले. शुल्काची विवंचना मिटली तरी पहिल्या वर्षी त्यांची खरी झुंज शास्त्राशी नसते. ते शास्त्र ज्या भाषेत लिहिले आहे त्या भाषेशी असते. ही झुंज आजची नव्हे. तिला दोनशे वर्षांचा इतिहास असून त्यातील महत्त्वाचा भाग आपल्या मुंबईत घडला आहे.

१८२२ साली कंपनी सरकारने कलकत्त्यास 'नेटिव्ह मेडिकल इन्स्टिट्यूशन' स्थापन केली. तेथे पाश्चात्त्य वैद्यक देशी भाषांतून शिकवीत. संस्थेचे प्रमुख पीटर ब्रेटन यांनी १८२५ मध्ये शरीराचे अवयव व वैद्यकीय संज्ञा यांची इंग्रजी, अरबी, फारसी, हिंदी व संस्कृत अशी पाच भाषांतील सूची प्रसिद्ध केली. एका परकीय डॉक्टरने आपल्या विद्यार्थ्यांसाठी घेतलेले हे कष्ट पाहून आदर वाटतो. मुंबईतही १८२६ साली डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली अशीच शाळा निघाली. परंतु ती सहा वर्षांतच, १८३२ मध्ये, बंद झाली. पुढे गव्हर्नर जनरल बेंटिंक यांनी नेमलेल्या समितीने इंग्रजीच्या बाजूने कौल दिला. संस्थेचे तत्कालीन प्रमुख टायटलर यांचा विरोध मानला गेला नाही, आणि १८३५ साली जुनी संस्था मोडून इंग्रजी माध्यमाचे मेडिकल कॉलेज सुरू झाले.

मुंबईने हाच मार्ग धरला. गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या स्मरणार्थ १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज उघडले. शेजारच्या रुग्णालयासाठी सर जमशेटजी जीजीभाई यांनी एक लाख रुपयांची देणगी दिली होती. डॉ. चार्ल्स मोरहेड हे पहिले प्राचार्य. १८५१ साली येथून पहिले आठ पदवीधर बाहेर पडले, त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड व डॉ. आत्माराम पांडुरंग होते. या गौरवगाथेतील एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. भाऊ दाजी कॉलेजात आले ते एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकून व तेथे शिक्षकी करून. इंग्रजी त्यांनी सोबत आणली होती; कॉलेजने ती दिली नव्हती.

ज्यांच्यापाशी ही शिदोरी नव्हती त्यांच्यासाठी १८६१ पासून त्याच कॉलेजात मराठी व गुजराती वर्ग सुरू झाले. त्यातून उपयुक्त माणसे तयार झाली, परंतु त्यांच्या वाट्याला दुय्यम हुद्दा व दुय्यम वेतन आले. म्हणजे इंग्रजी येत असेल तर डॉक्टर, नसेल तर डॉक्टरांचा साहाय्यक! वैद्यक शिकविताना त्याची इंग्रजीही शिकवावी, हा तिसरा मार्ग फारसा कोणास सुचला नाही.

वैद्यकाची इंग्रजी ही वर्तमानपत्राची इंग्रजी नव्हे. तिचे निम्मे शब्द लॅटिन व ग्रीक घडणीचे. 'आयटिस' हा प्रत्यय दाह सांगतो, 'एक्टॉमी' म्हणजे कापून काढणे. अशी पन्नास-साठ रूपे कळली की शेकडो शब्द आपोआप उलगडतात. अधिक फसवे ते ओळखीचे शब्द. 'टेंडर' म्हणजे आम्हा व्यापाऱ्यांना निविदा. डॉक्टरांच्या टिपणात तो दाबल्यावर दुखणारा भाग असतो. 'अक्यूट' आजार म्हणजे तीव्रच असे नाही, तर अलीकडे अचानक उद्भवलेला. रिपोर्ट 'पॉझिटिव्ह' आला म्हणून आनंदणारे नातेवाईक कोणी पाहिले नाहीत? आणि 'टिश्यू' हा शब्द तर माझ्याच दुकानातला! मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ विणलेले कापड. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ बिशा (१७७१–१८०२) यांनी तो शरीराच्या घटकद्रव्यांना दिला. आपला 'ऊती' हा प्रतिशब्दही विणण्याशीच नाते सांगतो. असे दोन्ही भाषांतून समजावले तर मराठी माध्यमाचा मुलगा तो शब्द जन्मभर विसरणार नाही.

आम्ही वाणिज्य शाखेत होतो तेव्हा व्यापारी पत्रव्यवहाराची इंग्रजी हा स्वतंत्र विषय म्हणून शिकविली जाई. हुंडीची पोच कशी लिहावी हे शिकवायचे आणि रुग्णाची हकीकत कशी लिहावी हे मात्र ज्याने त्याने शिकायचे, हा न्याय मला कधीच पटला नाही. एकाच्या चुकीने पैसे अडकतात, दुसऱ्याच्या चुकीने प्राण.

अलीकडे दृष्टी बदलते आहे. २०१९ साली एमबीबीएसच्या आरंभी एक महिन्याचा पायाभूत अभ्यासक्रम आला व त्यात भाषाकौशल्यास जागा मिळाली. २०२२ च्या ऑक्टोबरात मध्य प्रदेशाने पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके काढली; त्यांत बहुतेक संज्ञा इंग्रजीच, केवळ देवनागरीत आहेत. मातृभाषेतून शिकणाऱ्यालाही या शब्दांशी गाठ घालावीच लागते.

आपल्या परंपरेला ही दुहेरी वाट नवी नाही. भगवान महावीरांची देशना लोकांना कळणाऱ्या अर्धमागधीत झाली. पुढे विद्वत्सभेत बोलायची वेळ आली तेव्हा उमास्वातींनी 'तत्त्वार्थसूत्र' संस्कृतात रचले. नवव्या शतकात उग्रादित्याचार्यांनी 'कल्याणकारक' हा वैद्यकग्रंथही संस्कृतातच लिहिला. प्राकृत सोडली नाही, आणि संस्कृत आपली नव्हे म्हणून नाकारलीही नाही.

विश्वस्त मंडळापुढे माझी विनंती एवढीच की, यापुढे वैद्यकीय व परिचर्या शाखांच्या शिष्यवृत्तीत शुल्कासोबत पहिल्या वर्षीच्या भाषावर्गाची रक्कमही धरावी. वर्ग रविवारी सकाळी घेता येईल. शिकविण्यास इंग्रजीचा एक शिक्षक व समाजातील एखादे निवृत्त डॉक्टर, असे दोघे एकत्र बसावेत. एकट्याने हे काम होणार नाही. पाठ्यपुस्तकाऐवजी मुलांनी त्या आठवड्यात कॉलेजात उतरवून घेतलेल्या वह्याच पुढे ठेवाव्यात, आणि अडलेला प्रत्येक शब्द मराठी अर्थासह फळ्यावर लिहावा.