सस्पेन्शन लिफ्ट आणि स्टिअरिंगचे बिघाड

पिकअप ट्रक मूळ उंचीपेक्षा वर उचलला की पुढच्या चाकांचे कोन बदलतात आणि स्टिअरिंग बिघडते. मोठे टायर बसावेत, खडकाळ वाटेवर गाडीचे पोट घासू नये, म्हणून अमेरिकेत अशी लिफ्ट सर्रास केली जाते. (भारतात अशा बदलांना मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ आडवे येते.) उंच स्प्रिंगा बसवल्या की काम संपले असे अनेकांना वाटते, खरे काम तिथून पुढे असते.

फोर्डच्या एफ-२५० सुपर ड्यूटीचे उदाहरण बोलके आहे. २००५ पासून तिच्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत पुढचा अखंड ॲक्सल कॉइल स्प्रिंगांवर असून दोन रेडियस आर्म आणि एक ट्रॅक बार त्याला जागेवर धरतात. चासी वर गेली की आर्मचे मागचे टोक उचलले जाते, ॲक्सल पुढे कलतो आणि कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, घटतो. वळणानंतर चाके आपोआप सरळ होतात ती मुख्यतः याच कोनामुळे. तो कमी पडला की हमरस्त्यावर गाडी भरकटते, चालकाचे हात क्षणभरही मोकळे राहत नाहीत.

ट्रॅक बार अधिक तिरपा होऊन ॲक्सल एका बाजूला ओढतो. स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे नेणारी ड्रॅग लिंकही तिरपी होते, म्हणून गाडी सरळ धावत असताना स्टिअरिंग मात्र वाकडे दिसते. या दोन दांड्या जवळपास समांतर असतील तोवर चाके खड्ड्यात वर-खाली झाली तरी दिशा ढळत नाही. खाली उतरता पिटमन आर्म लावून नुसती ड्रॅग लिंक सरळ केली आणि ट्रॅक बार तसाच ठेवला, तर प्रत्येक खड्ड्यागणिक गाडी स्वतःच वळू पाहते. हाच बम्प स्टिअर, आणि तो दुरुस्तीच्या नावाखाली विकत घेतलेला असतो.

‘डेथ वॉबल’ याहून भयंकर. खड्डा लागताच पुढची चाके डावी-उजवीकडे थडथडू लागतात आणि वेग उतरवल्याशिवाय सहसा थांबत नाहीत. मूळ बहुधा ट्रॅक बारच्या सैल बोल्टात, झिजलेल्या बुशात किंवा बॉल जॉइंटमध्ये असते. नवा स्टिअरिंग डॅम्पर हा दोष फक्त झाकतो, म्हणून तो उपाय मानणे धोक्याचे.

याउलट टोयोटा टॅकोमा या पिकअपला पुढे अखंड ॲक्सल नसून तिचे पुढचे सस्पेन्शन स्वतंत्र आहे. तिथे कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (पुढची चाके आत किंवा बाहेर वळलेली असणे) हलतात, चाकाच्या शाफ्टवरील सीव्ही जॉइंटचा कोन वाढतो. कधी कॅम बोल्ट शेवटपर्यंत फिरवूनही अलाइनमेंट जुळत नाही, तेव्हा वरचे आर्म बदलावे लागतात.

एफ-२५० वर आधी ढिले भाग बदलावेत, मग रेडियस आर्मचे ड्रॉप ब्रॅकेट आणि लांबी बदलता येणारा ट्रॅक बार लावावा. हे झाले की टो जुळवावा. त्यानंतर ड्रॅग लिंकच्या स्लीव्हने स्टिअरिंग मध्यावर आणावे. ते तिरपे राहिले तर स्टॅबिलिटी कंट्रोल असलेल्या गाडीत सेन्सरला गाडी वळतेय असे भासते आणि सरळ रस्त्यावरही ब्रेक लागू शकतात.