पहिल्या मंचाची मुदत

1898 च्या जुलै महिन्यात लंडनमध्ये व्यायामाला वाहिलेले एक नवे मासिक निघाले आणि त्याच्या पहिल्याच अंकात त्याचा चालक युजेन सँडो याने एका स्पर्धेचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. ब्रिटनमध्ये सर्वांत सुविकसित शरीर कोणाचे आहे, याचा निवाडा त्या स्पर्धेत व्हावयाचा होता, आणि बक्षिसांची एकूण किंमत 1,000 गिनी, म्हणजे एखाद्या कारागिराच्या कित्येक वर्षांच्या कमाईइतकी, ठरविलेली होती. एवढे मोठे इनाम लावणारा मनुष्य लोकांचा उत्साह ताजा आहे तोवर सामना उरकून घेईल, अशी कोणाचीही अपेक्षा असावी. परंतु परगण्यापरगण्यांतून प्राथमिक स्पर्धा घेत, सुवर्ण, रौप्य व कांस्य पदके वाटीत, अंतिम सामना प्रत्यक्ष भरला तो 14 सप्टेंबर 1901 रोजी, म्हणजे जाहीरनाम्यानंतर तीन वर्षे उलटून गेल्यावर. शरीरसौष्ठवाच्या इतिहासात ही पहिली मोठी स्पर्धा म्हणून गणली जाते. तिच्या वैभवाची वर्णने पुष्कळांनी केली आहेत. या तीन वर्षांकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही, आणि मला तर त्या साऱ्या प्रकरणातील सार तेवढेच वाटते. कारण व्यायामशाळेत जाणाऱ्या प्रत्येक तरुणाच्या मनात आज ना उद्या जो प्रश्न उभा राहतो, की आपण पहिल्यांदा मंचावर केव्हा चढावे, त्याचे एक उत्तर त्या मुदतीत दडलेले आहे.

सँडो हा मूळचा प्रशियातील कोनिग्सबर्गचा. 1867 साली जन्मलेला हा मनुष्य 1889 मध्ये लंडनला आला, तेथे सॅम्सन नावाच्या प्रसिद्ध बलदर्शकाचे जाहीर आव्हान त्याने स्वीकारले आणि त्याला भर सभागृहात हरवून एका रात्रीत नावारूपास आला. पुढे रंगभूमीवर वजने उचलण्यापेक्षा व्यायाम शिकविण्यातच त्याने आपला खरा व्यवसाय ओळखला. 1897 साली त्याचे बलसंवर्धनावरील पुस्तक निघाले. हलके डंबेल्स, भिंतीवर लावावयाचे तक्ते आणि टपालाने चालणारे शिक्षण यांचा त्याने मोठा कारभार उभा केला. शिष्याने मान, छाती, दंड, कंबर, मांडी यांची मापे घ्यावीत, ती नोंदवावीत, ठराविक काळाने पुन्हा मापे घेऊन पूर्वीच्या आकड्यांशी ताडून पाहावीत, असा त्याचा शिरस्ता होता. सावकाराच्या खतावणीप्रमाणे शरीराचाही जमाखर्च लिहून ठेवता येतो, ही कल्पना सर्वसामान्य कारकुनाच्या व कामगाराच्या घरात नेण्याचे श्रेय बव्हंशी त्यालाच दिले पाहिजे. जे स्पर्धेत उतरणार होते ते याच पद्धतीने मेहनत करणारे लोक होते, आणि त्यांना तीन वर्षांची मुदत देणे म्हणजे त्यांच्या खतावणीत शिल्लक जमण्यास अवसर देणे होते.

अंतिम सामन्याच्या रात्री रॉयल अल्बर्ट हॉल हे विस्तीर्ण सभागृह माणसांनी इतके भरून गेले होते की अनेकांना दारातून परत फिरावे लागले. अमेरिकेचे अध्यक्ष मॅकिन्ली त्याच दिवशी निधन पावले होते, म्हणून प्रारंभी बँडवर शोकसंगीत वाजले आणि सर्व प्रेक्षक उभे राहिले. नंतर काळे तंग वस्त्र व वर बिबट्याचे कातडे पांघरलेले स्पर्धक रिंगणात उतरले. परीक्षक दोन होते : शिल्पकार सर चार्ल्स लॉज आणि शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल, मतभेद झाल्यास अखेरचा शब्द सँडोचा. परीक्षेच्या कसोट्या अगोदरच जाहीर झालेल्या होत्या, आणि त्यांचा तपशील आजच्या वाचकाने थोडे थांबून पाहण्यासारखा आहे. शरीराचा सर्वसाधारण विकास, निरनिराळ्या अवयवांच्या विकासातील समतोल, स्नायूंचा कस व घट्टपणा, एकंदर आरोग्य आणि त्वचेची स्थिती, अशा त्या कसोट्या होत्या. केवळ दंडाचा घेर मोठा म्हणून कोणी जिंकणार नव्हता. घेर काही महिन्यांत वाढू शकतो. परंतु समतोल, कस आणि कांती या वस्तू उसन्या आणता येत नाहीत, त्या मुरत मुरतच अंगी येतात, आणि परीक्षकांनी नेमके तेच मोजावयाचे ठरविले होते.

डॉइल यांनी पुढे आपल्या आठवणींत या रात्रीची हकीकत दिली आहे. दहा-दहा जणांना एका वेळी उभे करावे, त्यांतून एक-दोघे निवडावेत, असे करीत शेवटी सहा उरले आणि मग निवाडा अतिशय कठीण झाला. तिघे निश्चित झाल्यावर एक किंचित बोजड व दुसरा किंचित ठेंगणा ठरून मरे नावाच्या स्पर्धकास सोन्याचा पुतळा देण्यात आला. डॉइल त्याला लँकेशायरचा म्हणतात आणि स्पर्धकांची संख्या ऐंशी सांगतात. त्या काळचे वृत्तांत मात्र त्याला नॉटिंगहॅमचा म्हणतात व संख्या साठ देतात, आणि वीस-बावीस वर्षांनी लिहिलेल्या आठवणींपेक्षा ताज्या वृत्तांतावर विश्वास ठेवणे अधिक योग्य होय. पण त्यापुढचा प्रसंग डॉइल यांनी स्वतः अनुभवलेला आहे. सँडोने दिलेली मेजवानी आटोपून पहाटे तीनच्या सुमारास ते बाहेर पडले, तेव्हा विजेता तो भला मोठा पुतळा काखेत मारून एकटाच अंधाऱ्या रस्त्याने चाललेला त्यांना दिसला. जवळ पैसा नव्हता, परतीचे तिकीट तेवढे होते, आणि गाडी सुटेपर्यंत रस्त्यांवरून भटकत वेळ काढावा असा त्याचा बेत होता. डॉइल यांनी त्याला आपल्या हॉटेलात नेले. पुतळा विकून टाकावा काय, असे त्याने सकाळी विचारले, तेव्हा आपल्या गावी व्यायामशाळा काढून तो तेथे ठेवावा, असा सल्ला त्यांनी दिला आणि त्याने तो मानला. शरीर सर्वांगाने तयार झालेले आणि खिशात मुक्कामापुरतेही पैसे नाहीत, असा हा पहिला विजेता! त्याच्या अंगावर जे होते ते त्याने दोन हातांनी आणि काळाच्या साह्याने मिळविलेले होते, एवढे निःसंशय म्हणता येते.

सँडोचे नाव आपल्याकडे त्याच्या येण्याच्या आधीच पोचले होते. 1904-05 च्या हिंदुस्थानच्या दौऱ्यात त्याने कलकत्ता, मुंबई इत्यादी शहरांत खेळ केले, पण त्यापूर्वीच, 1897 साली, औंधच्या भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्याची उपकरणे व पुस्तके मागवून घेतली होती. सातारा भागातल्या एका लहानशा संस्थानातील राजपुत्राने ती पद्धती एक-दोन नव्हे, पुरती दहा वर्षे नियमाने चालविली, आणि मगच, 1908 च्या सुमारास, ती बाजूस ठेवून सूर्यनमस्कारांचा अंगीकार केला. पुढे संस्थानच्या शाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे करणारा आणि त्यांचा जगभर प्रसार करणारा हा राजा; पण एखाद्या व्यायामाची बरीवाईट परीक्षा करण्यास दहा वर्षे द्यावी लागतात, हा त्यांचा आचार मला त्यांच्या सर्व उपदेशांहून मोलाचा वाटतो.

आणि खरे पाहता ही सबुरी आपल्या तालमींना काही परकी नव्हती. तालमीत पाऊल टाकणाऱ्या पोराने प्रथम माती उकरावी, जोर-बैठका माराव्यात, थोरल्यांचे अंग रगडावे, आणि फडात केव्हा उतरावे हा विचार वस्तादावर सोपवून मोकळे व्हावे, अशी पद्धत होती. जत्रेच्या फडाची रचनाही मोठी शहाणपणाची. आरंभी चिमुकल्यांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागत, मग नारळावर, मग फेट्यावर, आणि दिवस कलता कलता मोठ्या जोडी रोख इनामावर सुटत. म्हणजे पहिल्या सामन्याला हार-जीत होती, पण तिचा भार पोराच्या वयाला पेलेल एवढाच होता. वस्ताद जोड लावताना वय पाही, वजन पाही, आणि त्याहून अधिक पाही तो पोराचा दम. आरशासमोर उभा राहून स्वतःचा निवाडा स्वतःच करणे त्या काळी कोणाच्या स्वप्नातही नव्हते. एखाद्या पठ्ठ्याने फार आग्रह धरलाच तर अंग अजून मुरू दे, एवढेच उत्तर त्याला मिळे, आणि ते उत्तर अखेरचे असे.

बाळंभटदादा देवधरांची आख्यायिकाही याच जातीची आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी निजामाच्या राज्यातील अली व गुलाब हे दोन मल्ल आव्हान देत आले, तेव्हा ते स्वीकारण्यास हा ऐन विशीच्या आतला तरुण उभा राहिला; पण तत्काळ आखाड्यात न उतरता त्याने तयारीसाठी मुदत मागून घेतली आणि वणीच्या सप्तशृंगीच्या पायथ्याशी जाऊन साधना केली. मल्लखांबाची विद्या त्याला तेथे मारुतिरायांनी दिली असे परंपरा सांगते. परत आल्यावर त्याने गुलाबास हरविले आणि अलीने लढण्याचेच नाकारले. यातील दैवी भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. परंतु ज्या समाजाने आपल्या आद्य व्यायामाचार्याची कथा सांगताना त्याने मुदत मागितली हे आवर्जून जपून ठेवले, त्या समाजाला मुदतीचे मोल कळत होते यात शंका नाही.

मग हे मोल कमी कसे झाले? कुस्तीला प्रतिस्पर्धी लागतो, तो आपला कच्चेपणा क्षणात उघडा करतो. सौष्ठवाच्या मंचावर मात्र मनुष्य एकटा उभा असतो आणि तयारीचा भास निर्माण करणे शक्य असते. हा भास सोपा करून देणारी वस्तू पुढे रसायनशाळेतून आली. 1935 साली टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक कृत्रिम रीतीने तयार करण्यात आले. त्या कामाशी निगडित असलेल्या बुटेनान्ट व रुझिचका या शास्त्रज्ञांना 1939 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आणि 1958 मध्ये सीबा कंपनीने डायनाबॉल या नावाच्या गोळ्या अमेरिकेत विक्रीस आणल्या. आजारी व क्षीण माणसांसाठी निर्माण झालेले औषध निरोगी तरुणांच्या हाती पडले. तोपर्यंत शरीरसौष्ठवाला ‘नैसर्गिक’ असे विशेषण लावण्याचे कोणास कारणच नव्हते. मरे हा नैसर्गिक स्पर्धक होता असे 1901 मध्ये कोणी म्हटले असते तर ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ लागला नसता. पुढे मात्र औषध न घेणाऱ्यांना स्वतःच्या वेगळ्या संघटना काढाव्या लागल्या, मूत्रपरीक्षा व पॉलिग्राफ चाचणी यांचा बंदोबस्त करावा लागला, आणि मागील सात वा दहा वर्षे आपण अशा द्रव्यांस स्पर्श केलेला नाही असे स्पर्धकाकडून लिहून घ्यावे लागले.

अशा नैसर्गिक स्पर्धेत पहिल्यांदा उतरणाऱ्याने मुदत किती घ्यावी? औषधाविना स्नायू वाढतात ते पहिल्या वर्षात झपाट्याने आणि नंतर उत्तरोत्तर मंद गतीने. म्हणून तीन-चार वर्षे अखंड मेहनत झाल्याखेरीज मंचावर दाखविण्याजोगे पुरेसे काही अंगावर जमलेलेच नसते. स्पर्धेपूर्वी चरबी उतरविण्यासाठी चार ते सहा महिने मोजून खावे लागते, आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का एवढीच घट सोसते, आणि त्याहून घाई केली की चरबीबरोबर कमावलेले मांसही जाते. या काळाच्या अखेरीस भूक छळते, झोप मोडते, रक्तातील संप्रेरके खाली जातात व पूर्वस्थितीला येण्यास पुढे कित्येक महिने घेतात. ज्याची शिल्लकच थोडी, त्याच्या हाती या सर्व कष्टांनंतर उरते ती केवळ कृशता. आणि वाढीच्या वयातील सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला तर या उपासातून नेणे मला सर्वथा अन्यायाचे वाटते.

उशीर झाला या भीतीने जे घाई करतात, त्यांनी बंगालच्या मनोहर ऐच यांचे चरित्र पाहावे. पाच फुटांहूनही कमी उंचीचा, ब्रिटिश अमदानीत तुरुंगवास भोगलेला आणि तुरुंगातही व्यायाम न सोडलेला हा मनुष्य 1951 साली लंडनच्या मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेस गेला तेव्हा चाळिशीला टेकला होता. त्या वर्षी आपल्या गटात मनतोष रॉय विजयी झाले आणि ऐच यांना दुसऱ्या क्रमांकावर राहावे लागले. तेव्हा ते लंडनमध्येच राहिले, पोटासाठी रेल्वेत नोकरी धरली, मेहनत चालू ठेवली आणि 1952 साली त्याच मंचावरून आपल्या गटाचा किताब घेऊन परतले. शंभरी ओलांडून ते 2016 साली वारले.

आज आपल्या शहरांतून आणि तालुक्यांच्या गावांतूनही कोणत्या ना कोणत्या ‘श्री’ची स्पर्धा दरसाल भरते, आणि प्रवेशअर्जावर मुलाच्या सहीबरोबर त्याच्या व्यायामशाळेचे नावही पडते. वस्तादाचा तो जुना अधिकार आता या व्यायामशाळांच्या चालकांकडे आलेला आहे. त्यांना माझी एवढीच विनंती आहे की मुलगा अर्ज घेऊन समोर आला म्हणजे त्याच्या दंडाकडे पाहण्यापूर्वी त्याची वही मागावी. तीन वर्षांची मापे तिच्यात रुजू असतील तर अर्जावर व्यायामशाळेचे नाव आनंदाने घालावे, आणि नसतील तर त्याच दिवशी त्याच्या हाती एक कोरी वही देऊन तिच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने तारीख घालून द्यावी.